'बालबोध'कर्त्यांचा पक्ष

गाणगापूरच्या निर्गुण मठात दुपारची माधुकरी आटोपली, की ओवऱ्यांमध्ये थोडी सामसूम होते. सकाळपासून पारायणाला बसलेली माणसे पोथीवर वस्त्र घालतात आणि भिंतीला पाठ टेकतात. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी माझ्या शेजारी सोलापूरकडचे एक कुटुंब बसले होते. वडिलांचा गुरुचरित्राचा एक अध्याय नुकताच वाचून झाला होता. बेदरचा यवन राजा गळवाने हैराण होऊन गुरूंच्या दर्शनाला इथे येतो आणि बरा होतो, तो अध्याय. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने विचारले, "बाबा, हा राजा खरंच होता का? नाव काय त्याचं?" वडील रागावले नाहीत. "पोथीत नाव नाही रे दिलेलं. असेल कुणीतरी," एवढे म्हणून त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला.

मुलाचे समाधान झालेले नव्हते. माझ्या मनात त्या क्षणी नाव आले ते मुलांसाठी लिहिणाऱ्या विनायक कोंडदेव ओकांचे. या मुलाला ओक भेटले असते, तर त्यांनी काय केले असते? या विचारातून ओकांविषयी आपल्याकडे रूढ झालेल्या मताशी माझे जुने भांडण पुन्हा उकरून निघाले. ते भांडण इथे रीतसर मांडतो.

आधी पूर्वपक्ष, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. मुलांसाठी इतिहास लिहिणारा हा इतिहासकार नव्हे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मोठ्यांसाठी आटवलेले दूध तो पाणी घालून लहान वाटीत ओततो. त्यात तो कविता, चरित्रे, निबंध, विज्ञान, कादंबरी असे सगळेच लिहू लागला, तर त्याचे कुठल्याच विषयात खोल जाणे झाले नाही, असा निकाल ठरलेला. ओकांच्या बाबतीत आणखी तीन आक्षेप जोडले जातात. एक, त्यांचे बरेचसे लेखन इंग्रजी ग्रंथांवर बेतलेले, म्हणजे उसने. दोन, ते बोधवादी. गोष्ट सांगून झाली की तात्पर्य बजावणारे. तीन, इंग्रजी राज्याविषयी त्यांच्या मनात कृतज्ञता, म्हणून त्यांचा इतिहास बाणेदार नाही. 'मराठी बालवाङ्मयाचे जनक' ही पदवी त्यांना आदराने दिली जाते, आणि मग पुढच्या परिच्छेदात आपण मोठ्या माणसांकडे वळतो. मोठमोठ्या वाड्यांत देवघराशेजारी जुन्या पूर्वजांची तसबीर लावलेली असते, तिला हार घातला जातो, पण त्या माणसाने काय केले हे घरात कोणाला सांगता येत नाही. ओकांचे तसे झाले आहे.

ओकांचा जन्म २५ फेब्रुवारी १८४० चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या हेदवीचा. मृत्यू ९ ऑक्टोबर १९१४ चा. १८८१ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी 'बालबोध' मासिक काढले. त्याच वर्षीच्या जानेवारीत पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. त्या वर्षाची आठवण काढताना आपण या दोन पत्रांचीच काढतो. मोठ्यांशी बोलणारे पत्र आणि मुलांशी बोलणारे मासिक एकाच वर्षी निघाले, ही गोष्ट मला विलक्षण अर्थाची वाटते. 'बालबोध' ओकांनी आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे तेहेतीस वर्षे चालवले. अंकात दर महिन्याला एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषयावरचा लेख आणि शिवाय किरकोळ मजकूर, आणि हे जवळजवळ सगळे एकाच माणसाच्या हातचे. महिन्याला एक धरले तरी चरित्रे चारशेच्या घरात जातात. याशिवाय 'हिंदुस्थानकथारस', 'इतिहासतरंगिणी', 'महन्मणिमाला', 'लघुनिबंधमाला' ही पुस्तके, फ्रान्समधल्या राज्यक्रांतीचा इतिहास आणि 'शिरस्तेदार' ही कादंबरी.

आता उसनवारीचा आक्षेप. ओकांची भिस्त इंग्रजी ग्रंथांवर होती, हे मी मान्य करतो. पण त्या काळी मराठीत कोणते साहित्य हाताशी होते, हे पाहिल्याशिवाय हा दोष कोणाच्या खाती मांडायचा ते ठरत नाही. मराठ्यांचा सलग इतिहास पहिल्यांदा छापील रूपात आला तो ग्रँट डफचा, १८२६ साली, इंग्रजीत. कॅप्टन कॅपनने बाबा साने यांच्या मदतीने केलेले त्याचे मराठी रूप 'मराठ्यांची बखर' म्हणून निघाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळांमधून तेच वाचले गेले. डफच्या चुका दाखवणारा नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांचा निबंध १८६७ चा. तो लिहिला तेव्हा कीर्तने कॉलेजात शिकत होते. अस्सल कागद छापू लागलेला 'काव्येतिहाससंग्रह' निघाला १८७८ मध्ये. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ चा, म्हणजे 'बालबोध' सतरा वर्षांचे झाल्यावरचा. विहीर खणली जायच्या आधी ज्याने नदीवरून घागरी आणल्या, त्याला नदीचे पाणी का आणले असे विचारणे न्यायाचे नाही.

आणि घागरीत काय भरायचे हे निवडावे लागतेच. मुलांसाठी परक्या भाषेतून आणणे ही आपल्याकडची नवी गोष्ट नव्हती. १८२८ सालचा छत्र्यांचा 'बाळमित्र' मूळ फ्रेंच पुस्तकाचे, इंग्रजीमार्गे आलेले रूप होते. १८७३ पासून मिशनऱ्यांचे 'बालबोधमेवा' निघत होते. ओकांनी जे आणले त्यात फ्रान्सची राज्यक्रांती होती. हा विषय राज्यकर्त्यांच्या शाळेने मुलांपुढे ठेवला नसता. राजाला शिक्षा देणाऱ्या प्रजेची कथा मराठीत आणणारा माणूस केवळ उसने घेणारा कसा? कुठल्या घरातून काय उचलायचे, ही निवड त्याची स्वतःची होती.

तिसरा आक्षेप इथेच उडतो, म्हणून बोधवादाआधी तो घेतो. 'शिरस्तेदार' ही कादंबरी १८८१ ची. 'बालबोध' निघाले त्याच वर्षाची. इंग्रजी अमलातल्या कचेऱ्यांमध्ये लाचलुचपत कशी चालते, हे ती एका शिरस्तेदाराच्या तोंडून सांगते. इंग्रजी राज्याने शाळा आणल्या, छापखाने आणले, याबद्दल ओकांना आदर होता. तो आदर त्यांनी लपवला नाही. पण त्याच राज्याच्या कचेरीतले मेजाखालचे व्यवहारही त्यांनी लिहून काढले. एकाच वर्षी एका हाताने मुलांसाठी मासिक आणि दुसऱ्या हाताने कचेऱ्यांची कुलंगडी! कृतज्ञता आणि डोळसपणा या दोन गोष्टी एका माणसात राहू शकतात हे आपल्याला अवघड का वाटावे? त्या पिढीतली कितीतरी चांगली माणसे तशीच होती.

बोधवादाबद्दल मी फार बोलणार नाही. तो त्यांच्यात होता. तात्पर्याची शेपूट कापली असती तर कित्येक लेख अधिक टिकले असते, असे मलाही वाटते. भाषाही संस्कृताकडे झुकणारी. आजच्या मुलाला ती धाप लावते. हा दोष मी झाकत नाही. पण हा दोष त्या काळच्या बहुतेक गद्याचा आहे, मुलांसाठी लिहिण्याचा नव्हे.

माझे खरे भांडण आहे ते 'सगळ्यात हात घातला म्हणून खोली नाही' या निकालाशी. याला उत्तर द्यायला मला मठातल्या त्या मुलाकडेच परतले पाहिजे. त्याने विचारले होते, राजा खरा होता का. या एका प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर काय काय माहीत हवे, पाहू.

पहिली गोष्ट राजवंशाची. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले आणि त्याची राजधानी झाली इथून जवळचे कलबुर्गी. पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अहमदशहा वलीने ती बेदरला नेली. त्याचा मुलगा दुसरा अलाउद्दीन अहमदशहा, १४३६ ते १४५८ या काळात गादीवर होता. फारसी तवारिखा सांगतात, की तो पायाच्या चिघळलेल्या जखमेने मेला. पोथीतले गुरू नृसिंहसरस्वती यांनी गाणगापूर सोडून कर्दळीवनाकडे प्रयाण केले, तो काळही परंपरेने १४५८-५९ चाच धरतात. म्हणून पोथीतला बेनाव राजा तोच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. मुलाला सांगताना 'असावा' हा शब्द गाळता येत नाही, आणि त्या 'असावा'चा अर्थही त्याला कळला पाहिजे. म्हणजे पुरावा म्हणजे काय, हेही सांगायला हवे.

दुसरी गोष्ट वैद्यकाची. याच राजाने बेदरला मोठे रुग्णालय बांधले होते आणि त्यात हिंदू व मुसलमान दोन्ही वैद्य नेमले होते, असे इतिहासात नमूद आहे. स्वतःचे वैद्य असलेला राजा साधूकडे का येईल? कारण त्या काळी बहुतेक गळवांवर जालीम औषध नव्हते. पेनिसिलिन विसाव्या शतकातले. हे एका वाक्यात सांगायचे तर शास्त्राचा लेख लिहिता आला पाहिजे.

तिसरी गोष्ट धर्माची, आणि ती सर्वांत नाजूक. मूल पुढे विचारणारच: मुसलमान राजा आपल्या गुरूंकडे कसा आला? त्याला अष्टूरला न्यावे लागेल. बेदरजवळच्या या गावात अहमदशहा वलीची कबर आहे. तिचा उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो, आणि त्यात मान असतो तो आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळच्या जंगमाचा. अंगावर कफनी घातलेला लिंगायत जंगम आजही बहमनी सुलतानाच्या कबरीपाशी येतो. हे पाहिलेल्या मुलाला गाणगापूरचा राजा चमत्काराइतकाच शेजारी वाटेल.

चौथी गोष्ट भाषेची. गुरुचरित्र लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांचे घराणे इथल्या कडगंचीचे, आळंद तालुक्यातले. त्यांची मातृभाषा कन्नड. आपल्याला मराठी नीट येत नाही, हे त्यांनी पोथीत स्वतःच सांगितले आहे. तरी त्यांनी लिहिले मराठीत, कारण ऐकणारे मराठीत ऐकणार होते. सिद्ध सांगतो आणि नामधारक विचारतो, अशी त्या ग्रंथाची बांधणी आहे. पुढचा प्रश्न नामधारक विचारतो आणि मग कथा पुढे सरकते. शिकवण्याची ही रीत आहे, आणि 'बालबोध'चा जीवही तीच.

एका मुलाच्या एका प्रश्नात राजवंश आला, वैद्यक आले, धर्म आला, भाषा आली. यातले एक विद्वानाला, दुसरे वैद्याला, तिसरे कीर्तनकाराला वाटून देता येत नाही. मूल एकाच माणसाकडे पाहत असते. म्हणून ओकांच्या अंकात चरित्राशेजारी शास्त्राचा लेख आणि त्याशेजारी कविता असे, ती पसाऱ्याची हौस नव्हती. मुलाचे मन ज्या रीतीने चालते त्याच रीतीने अंक लावलेला होता. मोठ्यांसाठी लिहिणाऱ्या इतिहासकाराला आपला विषय निवडून बाकीच्यांकडे पाठ फिरवता येते. मुलांसाठी लिहिणाऱ्याला ती मुभाच नाही. बहुविधता हा त्याच्या धंद्याचा पाया आहे. आपण त्याला दोष ठरवून बसलो.

मासिकाच्या नावाकडेही कोणी पाहत नाही. आपल्या जुन्या बोलीत 'बालबोध' म्हणजे देवनागरी लिपी, मोडीच्या उलट. दप्तरे, पत्रे, वतनाचे कागद मोडीत. मुलांना वाचायचे ते बालबोधीत. बखरींचे आणि कागदांचे जग मुलांच्या लिपीत आणणे म्हणजे पाणी घालणे, असे कोणाला वाटत असेल, तर त्याने मोडीतले एक पान समोर ठेवून ते दहा वर्षांच्या मुलाला समजावून पाहावे. एवढाच पुरावा पुरेसा आहे.

'पातळ केलेला इतिहास' ही कल्पना आणखी एका बाजूने तपासू. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत शिरले आणि बडोद्याच्या राजपुत्रांना शिकवू लागले. त्या शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून रियासती उभ्या राहिल्या. पहिली, 'मुसलमानी रियासत', १८९८ मध्ये निघाली. म्हणजे मराठी इतिहासलेखनातले सर्वांत मोठे बांधकाम मुलांना शिकवण्याच्या गरजेतून उभे राहिले. आधी मोठ्यांचा इतिहास आणि मग त्याचे पातळ रूप, असा क्रम आपण धरून चालतो. इथे तो बरोबर उलटा आहे. परदेशातही असे घडले आहे. वॉल्टर स्कॉटने स्कॉटलंडचा इतिहास आपल्या नातवासाठी सांगितला, तेव्हा तो नावाजलेला कादंबरीकार होता. पुढे कलेचा इतिहास लिहून जगभर मान्यता पावलेल्या एर्न्स्ट गोम्ब्रिखचे पहिले पुस्तक म्हणजे व्हिएन्नात १९३५ मध्ये निघालेला मुलांसाठीचा जगाचा इतिहास. मुलाला समजेल असे सांगता आले, तेव्हाच या माणसांना आपल्याला काय कळले आहे ते कळले, असे मला वाटते.

ओकांनंतरच्या पिढीत वासुदेव गोविंद आपटे आले. १९०६ मध्ये त्यांनी 'आनंद' मासिक काढले. त्यांच्यावरही तोच शिक्का: किती विषय, किती पुस्तके! वाक्संप्रदाय आणि म्हणींचा संग्रह १९१० मध्ये. 'बौद्धपर्व' १९१४ मध्ये. पुढे 'शब्दरत्नाकर' हा कोश. बंगालीतून आणलेल्या बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या. मुलांसाठी भारत आणि भागवत. आणि अशोकाचे चरित्र. शब्दकोश करणारा माणूस मुलांसाठी लिहितो तेव्हा त्याच्या हातून चुकीचा शब्द पडत नाही, हे वेगळे सांगायला नको. मला इथे सांगायचे आहे ते अशोकाबद्दल.

आपट्यांनी अशोक लिहिला तेव्हा शिलालेखांतला 'देवानांप्रिय' म्हणजेच अशोक, हे सिंहली ग्रंथांच्या आधाराने ठरवलेले होते. 'अशोक' हे नाव कोरलेला मस्कीचा लेख १९१५ मध्ये सापडला, रायचूर जिल्ह्यात, तेव्हाच्या निजामी मुलुखात. आणि गाणगापूरवरून वाहणारी हीच भीमा खाली चितापूर तालुक्यात सन्नतीपाशी पोचते. तिथे चंद्रलांबा देवीचे देऊळ आहे. अनेक मराठी घराण्यांची ती कुलदेवता. १९८६ मध्ये त्या आवारातल्या काळीच्या देवळाचे छप्पर कोसळले, मूर्ती भंगली, आणि खालची शिळा उघडी पडली. तिच्यावर अशोकाच्या आज्ञा होत्या. शेकडो वर्षे लोक त्या आज्ञांवर उभ्या असलेल्या देवीला नमस्कार करत होते. पुढे जवळच्या कनगनहळ्ळीच्या उत्खननात राजाचे शिल्प सापडले, आणि शिल्पावर नावही: राया अशोक.

कुलदेवतेला आलेल्या मराठी मुलाला हे कोण सांगणार? पुरातत्त्वाच्या अहवालात ते आहे, पण तो अहवाल त्याच्या हाती पडणार नाही. सन्नतीचा पुजारी देवीची कथा सांगेल, आणि ती सांगणे त्याचे कामच आहे. या दोघांच्या मध्ये उभा राहून, देवीचा अवमान न करता आणि शिळेवरचे अक्षर न लपवता, मुलाला सांगणारा माणूस म्हणजेच ओक आणि आपटे ज्या जागी उभे होते तिथला माणूस. आज ही जागा बरीचशी रिकामी आहे. या भागातली मराठी घरांतली मुले बहुतेक कन्नड शाळांत शिकतात, आणि ते योग्यच आहे. पण घरी मराठीत त्यांना याच मुलुखाचा इतिहास सांगणारे पुस्तक शोधायला गेलो, तर हात रिकामे येतात. एके काळी, १९०७ मध्ये, कलबुर्गीला नूतन विद्यालय निघाले, तेव्हा निजामाच्या राज्यात असूनही इथल्या लोकांना मुलांना शिकवण्याचे हे काम महत्त्वाचे वाटले होते.

ओकांच्या मर्यादा मी वर सांगितल्या. एक राहिली. 'बालबोध' ज्यांच्या घरी गेले ती घरे शिकलेली होती. मुलींच्या हाती ते किती पडले असेल, शेतकऱ्याच्या पोरापर्यंत किती पोचले असेल, याचा विचार केला की मन खट्टू होते. पण याही बाबतीत दोष ज्या समाजाने सगळ्या मुलांना अक्षर दिले नाही त्याचा आधी आहे. तेहेतीस वर्षे महिन्याच्या महिन्याला एकट्याने अंक भरणाऱ्या माणसाचा नंतर.

त्या दुपारी मी वडिलांची परवानगी घेऊन मुलाशी बोललो. अलाउद्दीनचे नाव सांगितले, त्याचे रुग्णालय, त्याची जखम, आणि 'असावा' म्हणजे काय तेही. अष्टूरच्या जंगमाचे त्याला फार नवल वाटले. संगमावर जायचे म्हणून त्याची आई उठली, तेव्हा त्याने मागे वळून विचारले, "मग राजा आणि गुरू एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलले असतील, कन्नड की मराठी?"

मला सांगता आले नाही. बहमनी दरबाराची भाषा फारसी, बाजारात आणि छावणीत दखनी, हिशेबाच्या वह्यांत मराठी आणि कन्नड, इतके ठाऊक होते. पण त्या दोघांमध्ये कुठली? "शोधतो," म्हणालो आणि त्याच्या वडिलांचा पत्ता लिहून घेतला. त्या रात्री गाणगापूर रोड स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो, तेव्हा वहीत त्याच्या प्रश्नाखाली कोणकोणती पुस्तके काढावी लागतील ती लिहीत होतो. गाडी आली तेव्हा पान भरले होते.